मागच्या हाउसिंगचे तेल घरीच बदलवताना

आधी गाडीखाली वाकून पाहा. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या मधात लोखंडी गोल फुगवटा दिसला आणि पुढून आलेला लांब प्रोपेलर शाफ्ट त्यात शिरलेला असला, तर पुढचे सगळे तुमच्या कामाचे आहे. हा फुगवटा म्हणजेच मागचे हाउसिंग; त्यात चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल बसलेले असते. इको, ओम्नी, जिप्सी, सुमो, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ यांना हे असते. स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो यांच्या मागे नुसती चाके फिरतात. त्यांचे डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्सातच बसलेले असते आणि तेलही गिअरबॉक्साचेच वापरते. अशा गाडीच्या बिलावर कोणी 'मागच्या हाउसिंगचे तेल' लिहून दिले, तर बिल हसून परत करावे.

माझी इको डब्यांची आहे. नागपूरच्या मनीषनगरातून रोजचे डबे निघतात, आणि लग्नसराईत रश्श्याचे मोठे गंज, शेगड्या, सिलिंडर असा संसार मागे भरलेला असतो. ते सगळे ओझे ढकलणारी ताकद शेवटी या फुगवट्यातल्या दोन दातेरी चाकांतूनच जाते. इंजिन ऑइल सगळे बदलवतात, कारण त्याचा लाल दिवा डॅशबोर्डवर डोळे वटारतो. हाउसिंगच्या तेलाला दिवाच नाही. ते कमी झाले, जळले, त्यात पाणी गेले, तरी गाडी चालतच राहते. आणि कोंऽऽ असा आवाज येऊ लागतो तेव्हा तेलाचे काम संपून क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्या दोन दातेरी चाकांचे, काम सुरू झालेले असते. किती किलोमीटरला बदलवायचे ते गाडीच्या पुस्तकात पाहा. जड ओझे, धूळ, सततचे थांबणे-निघणे असेल तर बहुतेक पुस्तकांत त्यासाठी वेगळा, लवकरचा आकडा असतो. डबेवाल्यांनी, स्कूल व्हॅनवाल्यांनी आणि काटोल-कळमेश्वराकडून संत्री आणणाऱ्यांनी तोच आकडा आपला समजावा.

तेल घ्यायला जाण्याआधी एवढे समजून घ्या. क्राऊन मोठे, पिनियन लहान. पिनियन क्राऊनच्या मध्याच्या बरोबर समोर नसते, जरा खाली बसवलेले असते; अशा जोडीला हायपॉइड म्हणतात. त्याने शाफ्ट खालून जातो आणि दातांची पकड मोठी होते. पण दात एकमेकांवर फिरतात तसे घासत सरकतातही. या घासण्यात साधे तेल दातांमधून पिळून बाहेर जाते. म्हणून हायपॉइड गिअर ऑइलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादावर पातळ थर धरतात आणि दात वाचवतात. डबा उघडल्यावर नाकात जातो तो उग्र वास त्या गंधकाचा. त्यासाठी मी वेगळा सलवार-कुर्ता ठेवला आहे आणि तो घरच्या कपड्यांत धूत नाही. स्वयंपाकघरातले नरसाळे, मापाचा जग, फडका यांतले काहीही या कामाला घ्यायचे नाही. एकदा गेले की ते तिकडचेच झाले. तो वास साबणाने निघत नाही.

वरचा किरायेदार पोरगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मला विचारले, "काकू, माझ्याकडे इंजिन ऑइल उरून राहिलंय, ते चालणार नाही का? तेही तेलच." नाही चालत. आणि ९० आकडा पाहून ते फार घट्ट असेल असेही समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचे ९० हे जाडीला इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपासच असते. फरक जाडीचा नाही, आत घातलेल्या औषधाचा आहे.

दुकानात 'गिअर ऑइल नव्वद द्या' एवढे सांगून मोकळे होऊ नका. डब्यावर तेलाचा दर्जा लिहिलेला असतो, एपीआय जीएल-४ की जीएल-५ ते वाचा. मागच्या हायपॉइड डिफरन्शियलला साधारणपणे जीएल-५ लागते. जीएल-४ मध्ये ती औषधे कमी असतात. 'ईपी ९०' या नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात, म्हणून पुढच्या मोठ्या अक्षरांवर न जाता मागची बारीक अक्षरे पाहायची. उलटी चूकही करू नका: उरलेले जीएल-५ साध्या गिअरबॉक्सात ओतायचे नाही, तिथल्या, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ते खाऊ शकते. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि थंडीत गोठण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा त्या पहिल्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. पुस्तकात जी जाडी दिली आहे ती घ्या. लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणारे) असेल, काही महिंद्रा गाड्यांना असते, तर त्याचे तेल पुस्तक सांगेल तेच. तिथे दुकानदाराचा सल्ला ऐकायचा नाही. किती लिटर लागते तेही पुस्तकात असते. त्यापेक्षा थोडे जास्त आणा, आणि दोन्ही बोल्टांचे नवे वॉशर न विसरता आणा.

सामान फार नाही. हाउसिंगला दोन बोल्ट असतात: वरच्या अंगाला भरायचा, अगदी तळाशी काढायचा. त्यांची डोकी गाडीगणिक वेगळी. कुठे बाहेरून सहाकोनी, कुठे आत चौकोनी खाच, कुठे ॲलन. आदल्या दिवशी फोटो काढून ठेवा आणि नीट घट्ट बसणारा गोटी पाना किंवा ॲलन जमवा. लांब दांडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पसरट जुने घमेले, भरायला हातपंप किंवा तीन-चार फूट पारदर्शक नळी आणि नरसाळे, चिंध्या. आदल्या संध्याकाळी दोन्ही बोल्टांभोवतीची माती ब्रशने काढून स्प्रे मारून ठेवायचा. आपली काळी माती वाळली की सिमेंट होते; ती खाचेत राहिली तर पाना अर्धाच बसतो, आणि अर्धा बसलेला पाना बोल्टचे डोके खातो.

आता उचलायचे कसे. इथे मी सावकाश लिहिते, कारण जिवाचा भाग इथेच आहे. पुढून चालणाऱ्या गाडीत मागे जॅक लावला तरी गिअर पुढची चाके धरून ठेवतो. आपल्या गाडीत इंजिन मागच्या चाकांना फिरवते, म्हणजे गिअरची पकड मागे. हँडब्रेकही बहुतेक मागच्याच चाकांना. मागची बाजू उचलली की दोन्ही हवेत गेले. गिअरमध्ये टाकली आहे, हँडब्रेक ओढला आहे, आणि तरी गाडीला धरून ठेवायला काहीच नाही. पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी ठोकळे नसतील, तर ती घोड्यांवरून, म्हणजे खाली टेकू दिलेल्या लोखंडी स्टँडांवरून, सरकू शकते. नुसत्या जॅकवर तर कोणीही, एका मिनिटासाठीही, खाली जायचे नाही.

दुसरी अडचण पातळीची. तेल बरोबर भरले की नाही हे भरायच्या भोकावरून ठरते, आणि ते गाडी सपाट असतानाच खरे. मागची बाजू उचलली की हाउसिंग पुढे झुकते. भोक मागच्या अंगाला असेल तर ते वर जाते आणि तुम्ही जास्त तेल भरता. पुढच्या अंगाला असेल तर कमी भरले असतानाच तेल बाहेर येऊ लागते. जास्त झालेले तेल आत घुसळून तापते आणि सीलमधून बाहेर निघायचा रस्ता शोधते.

मी जॅकच लावत नाही. लकडगंजातल्या आरा मशीनवरून साल लाकडाच्या जाड फळ्या कापून आणल्या आहेत. टायरपेक्षा रुंद, प्रत्येक चाकाला दोन थर, खालची लांब आणि वरची आखूड, म्हणजे पायरी होते. दोन्ही थर स्क्रूने एकमेकांना पक्के केलेले. चारही चाकांपुढे त्या मांडायच्या, बाहेरून कोणीतरी इशारा करत राहायचे आणि गाडी हळूच वर घ्यायची. चाके लाकडावर, म्हणजे गिअरही काम करतो आणि हँडब्रेकही. वर ठोकळे लावायचे ते लावायचेच. एवढ्या उंचीत आडवे होऊन हात चालवता येतो. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका. ते वाकून सूचना देत नाहीत, एकदम फुटतात. पोर्चला पावसाचे पाणी जायला गेटकडे उतार दिलेला असतो, तोही तपासा. एक मग पाणी ओतले की कळते. आमचा उतार बराच आहे, म्हणून मी गाडी समोरच्या सिमेंट रस्त्याच्या कडेला घेते आणि शेजाऱ्यांचे "काय करून राहिल्या हो?" ऐकून घेते.

तेल गरम असताना नीट निघते, म्हणून भाजी वगैरे आणून झाली की हे काम काढायचे. पण आल्या आल्या खाली शिरू नका. सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो आणि तो हाउसिंगपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. अर्धा तास जाऊ द्या. उन्हाळ्यात हे काम सकाळीच. दुपारी रस्ताच पाठ भाजतो.

खाली गेल्यावर पहिला हात भरायच्या बोल्टाला. काढायच्या नाही, भरायच्या. आधी खालचा उघडून तेल सांडून दिले आणि मग वरचा उघडलाच नाही, तर कोरडे हाउसिंग घेऊन गाडी तिथेच उभी. वरचा निघत नसेल तर खालच्याला हातही लावू नका. जुने तेल आत आहे, गाडी चालते आहे, चालवत गॅरेजला न्या. पाना पूर्ण आत बसवा, एका हाताने बोल्टावर दाबून धरा आणि दुसऱ्याने दांडा स्वतःपासून दूर ढकला. तोंडाकडे ओढाल तर बोल्ट अचानक सुटल्यावर पाना दातांवर येतो. आडवे पडून दिशा उलटसुलट वाटते. बोल्टाच्या डोक्याकडे सरळ तोंड करून पाहिले की घड्याळाच्या उलट फिरवले तर तो सैल होतो, तुम्ही कसेही लोळलेले असा. अडला तर पान्याला पाइप लावता येतो, पण डोके घसरते आहे असे वाटताच थांबा.

वरचा सुटला की घमेले खाली सरकवून तळाचा सैल करा. शेवटचे आटे बोटांनी फिरवताना बोल्ट वर दाबून धरायचा आणि मग झटकन बाजूला घ्यायचा, नाही तर तो घमेल्यातल्या तेलात बुडतो आणि शोधत बसावे लागते. धार आधी जोरात येते, मग बारीक, मग थेंब. थेंब थांबेपर्यंत वाट पाहा. घाई करून उपयोग नाही, तळाचा गाळ शेवटीच येतो.

आता ते तेल वाचायचे. गॅरेजात काम दिले तर हे तुम्हाला कधी पाहायलाच मिळत नाही. काळपट तपकिरी आणि एकसारखे असेल तर ठीक. बऱ्याच गाड्यांत तळाच्या बोल्टाला लोहचुंबक असते. त्यावर काजळासारखा मऊ राखाडी-काळा लेप बसलेला असेल तर घाबरू नका, ती दातांची रोजची झीज आहे. हातमोजा घातलेल्या बोटांत तो चोळून पाहा. खरखर लागली, सुईसारखे तुकडे किंवा चकत्या निघाल्या, दाताचा तुकडा निघाला, तर नवे तेल घालून भागणार नाही. हाउसिंग उघडावे लागेल. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे असेल तर आत पाणी गेले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या रात्रभर पाण्यात उभ्या होत्या. जुनी गाडी घेत असाल आणि मालक 'पाण्यातली नाही' म्हणत असेल, तर हे तेल त्याच्यापेक्षा खरे बोलते. दुधाळ निघाले तर नवे भरून थोडी चालवून पुन्हा एकदा काढून टाकायचे.

निघालेले तेल खुणा असलेल्या जुन्या जगात मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरेच कमी निघाले म्हणजे ते कुठून तरी गळते आहे. पुढे शाफ्ट शिरतो तिथले पिनियनचे सील पाहा, मग दोन्ही मागच्या चाकांची आतली बाजू. आणि वर हाउसिंगच्या नळीवर एक लहान टोपी किंवा पाइप असतो, तो ब्रीदर. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर जाते. चिखलाने तो बुजला की हवा सीलमधून वाट काढते आणि तेल सोबत घेऊन येते. नवे सील टाकूनही गळती थांबत नाही अशी तक्रार असलेल्या गाडीचा ब्रीदर आधी बघावा. टोपी बोटाने फिरते का, हलते का, एवढे पाहून ब्रशने साफ करायची.

तळाचा बोल्ट पुसून, चुंबक साफ करून, नवा वॉशर घालून आधी हातानेच फिरवा. दोन-तीन आटे बोटांनी सहज गेले तरच पाना लावायचा. वाकडा शिरलेला बोल्ट आटे मारतो. पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराच्या आकड्याला, घट्ट करा. टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजातून तासाभरासाठी मागून आणला तरी चालते. पाइप लावून घट्ट करायची सवय मात्र सोडा. पाइप सोडवण्यासाठी असतो.

भरताना हातपंपाची नळी वरच्या भोकात घालायची आणि सावकाश दाबायचे. पंप नसेल तर पारदर्शक नळी चाकाच्या कमानीतून वर काढून नरसाळ्याने ओता. एक माणूस वर, एक खाली. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेल नळीत रेंगाळते, तेव्हा डबा आधी उन्हात ठेवलेला बरा. किती लिटर गेले ते पाहा, पण थांबायचे ते भोक सांगेल तेव्हा. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत येऊन हलके ओघळू लागले की थांबा, पाच मिनिटे जाऊ द्या, तेल हाउसिंगच्या दोन्ही अंगांच्या नळ्यांत पसरते, मग पुन्हा थोडे भरा. काही गाड्यांत काठाच्या काही मिलिमीटर खालीच थांबायला सांगितलेले असते, तेव्हा पुस्तक जिंकते. ओघळ थांबला की बोल्ट लावून घट्ट करा आणि सगळे हाउसिंग कोरडे पुसा. ओले ठेवले तर उद्या नवी गळती कोणती आणि सांडलेले कोणते हे कळणार नाही.

यानंतर मी नेलपॉलिशने बोल्टावरून हाउसिंगवर जाईल अशी एक रेष ओढते, दोन्ही बोल्टांना. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेष तुटते. सैल होत असेल तर वाकून एका नजरेत दिसते. दुसराही उपयोग आहे. एका गॅरेजच्या बिलात हाउसिंगचे तेल बदलल्याचे लिहून आले होते, आणि माझी लाल रेष जशीच्या तशी. मालकाला गाडीखाली बोलावून दाखवली. पैसे वजा झाले, काम मी घरी केले.

जुने तेल नालीत ओतायचे नाही. शहरातल्या नाल्या शेवटी नाग, पिवळी, पोहरा या नद्यांतच जातात. झाकणाच्या डब्यात भरून ज्या गॅरेजात जळक्या तेलाचा ड्रम ठेवतात आणि तो रिसायकलवाला उचलतो, तिथे द्या. माझ्यासारख्या स्वयंपाकवाल्यांना एक जादा पथ्य आहे. तळणाचे वापरलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे लोक येतात. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'रुको' नावाची योजना त्यासाठीच काढली. त्या डब्यात गिअर ऑइल जरा जरी गेले तरी सगळा माल फुकट जातो. दोन्ही डबे वेगवेगळ्या खोलीत ठेवा आणि झाकणावर मार्करने लिहा.

गाडी फळ्यांवरून उतरवून एक चक्कर मारा, वर्धा रोडपर्यंत जाऊन आलात तरी पुरे, आणि उभी करून खाली कागद अंथरा. सकाळी कागदावर डाग कुठे पडला ते पाहा. मधोमध असेल तर बोल्ट किंवा पिनियनचे सील. चाकाच्या आतून ओघळ असेल तर ॲक्सलचे सील गेले आहे आणि तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आहे. मग त्या दिवशी गाडी डब्यांना न्यायची नाही. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे मिस्त्री भेटतात. त्यांना तसे करू देऊ नका. सील बदलवा आणि लायनर नवे टाका, दोन्ही चाकांचे.